आठ चाकांची गाडी

थोरला मुलगा इंग्लंडात नॉटिंगहॅम नावाच्या शहरात असतो. बरीच वर्षे तो आम्हाला बोलावत होता. पण कधी उसाची लागण, कधी म्हैस व्यायला झालेली, कधी पाहुण्यांचे लग्न. जाणे काही होत नव्हते. अखेर २०२४ च्या मे महिन्यात धाकट्याच्या गळ्यात शेत घातले आणि आम्ही दोघे नवराबायको तीन महिन्यांसाठी निघालो.

आता वारणाकाठच्या माणसाने तिथे करायचे काय? आमच्या मंडळींनी सूनबाईच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, त्यांचे बरे चालले होते. मी मात्र दाव्याला बांधलेल्या बैलासारखा या खिडकीतून त्या खिडकीत. नातू तेरा वर्षांचा. त्याला मराठी समजते, बोलताना मात्र अडखळतो. माझे इंग्रजी खताच्या पोत्यावर छापलेले असते तेवढेच. त्यामुळे ‘जेवलास का’ आणि ‘झोपलास का’ यापलीकडे आमचे बोलणे जात नव्हते. आजोबा म्हणून ते मनाला लागत होते.

एके दिवशी संध्याकाळी त्याच्या खोलीत डोकावलो, तर टेबलावर छोटी करवत, कानस, पकड अशी लोहाराची हत्यारे मांडलेली आणि मधोमध बोटभर लांबीचा खेळण्यातला लाल ट्रॅक्टर उताणा पडलेला. त्याची पुढची चाके काढून बाजूला ठेवली होती. माझ्या पोटात एकदम धस्स झाले. का झाले, ते पुढे सांगतो.

‘‘चांगला ट्रॅक्टर का मोडलास रे?’’

‘‘मोडत नाही आबा. बनवतोय.’’

मग त्याने मला खुर्ची दिली आणि आमचे खरे बोलणे त्या दिवशी सुरू झाले.

त्याचा खेळ असा. टेबलावर लढाई मांडायची. बुद्धिबळासारखीच, पण पटाला घरे नाहीत. डोंगर, झाडे, वस्ती मांडायची, फूटपट्टीने मोजून सैन्य पुढे न्यायचे आणि गोळी लागली की चुकली ते फासा टाकून ठरवायचे. लढाई आजची नव्हे. अजून दोनतीनशे वर्षांनी, दुसऱ्या कुठल्या ग्रहावर माणसे राहायला गेली आहेत, त्यांची. शिपाई धातूचे, तळपायापासून डोळ्यापर्यंत पंधरा मिलिमीटर. एकावर एक दोन हरभरे ठेवावेत एवढेच! पण नाकडोळे, पट्टा, बंदूक सगळे त्यात. या शिपायांना गाड्या लागतात. तयार गाड्या दुकानात मिळतात, पण त्या महाग. म्हणून ही पोरे जुनी खेळणी शोधून आणतात आणि त्यांतून उद्याच्या जगातल्या गाड्या घडवतात.

मला वाटले, मग त्यात काय, दुकानात जाऊन कुठलीही मोटार आणावी. नातू हसला. त्याने एक शिपाई उचलून खेळण्यातल्या मोटारीशेजारी उभा केला. शिपाई मोटारीच्या दारापुढे दोन वर्षांच्या पोरासारखा दिसायला लागला. तोच शिपाई त्याने डंपरशेजारी ठेवला, तर अगदी बरोबर माणसाएवढा! दोन्ही खेळणी मात्र लांबीला सारखीच.

यातली मेख अशी की ही छोटी खेळणी एकाच मापाच्या खोक्यात बसवायची असतात. खरी मोटार साडेचार मीटरची. ती सात सेंटिमीटरात आणायची तर चौसष्टावा हिस्सा करावा लागतो. खरा डंपर नऊदहा मीटरचा. तोही सात सेंटिमीटरातच आणायचा, म्हणजे तो शंभराच्याही खाली लहान होतो. पंधरा मिलिमीटरचा शिपाई हा माणसाचा साधारण शंभरावा हिस्सा. तेव्हा मोटारी सोडायच्या आणि डंपर, कचऱ्याच्या गाड्या, सिमेंट कालवायची यंत्रे उचलायची. खोंड घेताना आपण दात बघतो, तसे ही पोरे दार, खिडकी आणि बसायची जागा बघतात. खेळण्याचे वय तिथे कळते म्हणा ना. दार आणि खिडकी दिसली की माप उघडे पडते; ती भरून टाकली आणि वर शिपायाच्या मापाचे बारके झाकण बसवले की तेच खेळणे केवढे तरी मोठे यंत्र दिसू लागते.

म्हणून तर तो ट्रॅक्टर उताणा होता. त्याचे सीट आणि सुकाणूचे चाक काढले की तो ट्रॅक्टर राहणार नव्हता. दुमजली घराएवढ्या चाकांचे काहीतरी यंत्र होणार होते.

दुसऱ्या रविवारी आम्ही बाजाराला गेलो. तिकडे उन्हाळ्यात एखादा शेतकरी आपले मोकळे रान रविवारी सकाळी भाड्याने देतो. लोक मोटारी घेऊन येतात, ओळीने लावतात, मागची डिकी उघडतात आणि घरातले नको झालेले सामान त्यातून विकतात. शेतकऱ्याला गाडीमागे पैसे. न पेरता न भांगलता पीक! हे मी घरी आल्यावर धाकट्याला सांगितले, तर तो म्हणाला, आपल्या चिखलात मोटार रुतली तर काढायला पुन्हा आपलाच ट्रॅक्टर लागेल.

त्या बाजारात नातू कसा हिंडत होता ते बघण्यासारखे होते. खिशात काडेपेटी, काडेपेटीत एक शिपाई. खेळण्यांचे खोके दिसले की हा गुडघ्यावर बसायचा आणि एकेक खेळणे काढून शिपायाशेजारी लावून बघायचा. रंग उडालेले, काच फुटलेले त्याला चालायचे, किंबहुना तेच हवे असायचे, कारण ते पन्नास पेन्सला मिळते. मात्र एक गोष्ट तो सारखी शोधायचा, ती म्हणजे जोडी. एकसारखी दोन. सैन्यात एकच गाडी शोभत नाही, शिवाय एकाची चाके काढून दुसऱ्याला लावता येतात. बैलांच्या बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला जोडीचे महत्त्व काय सांगायचे? पुढचे दोन तास मीही वाकून जोड्या लावत होतो.

अशा छोट्या खेळण्यांची तिकडे एक गोष्ट सांगतात. जॅक ओडेल नावाचा कारागीर होता. त्याच्या मुलीच्या शाळेत नियम असा की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. बापाने पितळेचा एवढासा रोडरोलर करून दिला. शाळेतल्या सगळ्या पोरांना तसाच हवा झाला आणि १९५३ पासून ‘मॅचबॉक्स’ म्हणजे काडेपेटी याच नावाने त्या गाड्या निघाल्या. पहिला रोडरोलर, मग डंपर, मग सिमेंटचे यंत्र. पाठोपाठ ट्रॅक्टरही आला. नातवाच्या खिशातल्या काडेपेटीला एवढा इतिहास होता, हे त्यालाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या एका विक्रेत्या म्हाताऱ्याने सांगितले आणि नातवाने मला मोडक्यातोडक्या मराठीत समजावले.

नॉटिंगहॅम तर या खेळाचे पंढरपूरच आहे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा यातला जगभर चालणारा खेळ १९८७ साली निघाला आणि तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचे मुख्य ठाणे याच शहरात आहे. आज ते खेळांच्या तयार गाड्या विकतात. पण सुरुवातीच्या काळात त्यांच्याच मासिकात काखेत लावायच्या सुगंधी कांडीच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा कसा करावा याची कृती आली होती. जुने खेळगडी अजून ती हसून सांगतात.

घरी आणल्यावर काय करतात तेही सांगतो, म्हणजे कुणाच्या पोराला करायचे असेल तर करता येईल. खेळणे उलटे करायचे. पोटाशी एकदोन रिबिटे असतात, त्यांची डोकी ड्रिलने उडवायची, की वरचे धड आणि खालचा सांगाडा वेगळा होतो. करवतीने, कानशीने नको ते काढायचे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घासताना पाणी लावून घासायचे, भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही. फटी बुजवायला दोन कांड्या मळून एक करायची लांबी असते, अगदी आपल्या एम-सीलसारखी. मग वर काय काय चढवायचे! रिफिलची नळी झाली तोफ. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फुगीर कप्पा झाला घुमट. बंद पडलेल्या घड्याळाचे दात झाले यंत्राचे पोट. चाके काढून पोट बुजवून पारदर्शक काडीवर बसवले की गाडी अधांतरी तरंगू लागते. त्यातही नातवाचा एक नियम होता. डावीकडे जे लावाल तेच उजवीकडे लावायचे. एकाच बाजूला लावले तर कचरा चिकटवल्यासारखे दिसते, दोन्हीकडे लावले तर कारखान्यातून आल्यासारखे. हे मी पुष्कळदा ताडून बघितले. खरे आहे. शेवटी सगळ्यावर एकच अस्तराचा रंग दिला की रिफिल आणि डबी डोळ्यांपुढून नाहीशी होते. त्यावर मूळ रंग, मग पातळ काळा रंग फटीत सोडायचा, आणि कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या. चिखल मात्र मी सांगेन तिथे. चाकाच्या मागे किती उडतो आणि पुढे किती, हे शहरातल्या पोराला काय कळणार?

एकदा थोरल्याने आम्हाला लिंकनला नेले. तासाभराची वाट. तिथल्या जुन्या बराकीतल्या संग्रहालयात शेतीची जुनी अवजारे आहेत आणि पहिल्या महायुद्धातला एक रणगाडाही. मला वाटले, नांगराशेजारी रणगाडा कुठून आला? तर जगातला पहिला रणगाडा याच गावात झाला, आणि तोही मळणी यंत्रे करणाऱ्या कारखान्यात! विल्यम फॉस्टर कंपनी मळणीची यंत्रे आणि वाफेची इंजिने करायची. १९१५ साली फ्रान्सच्या आघाडीवर चाकाच्या गाड्या चिखलात आणि खंदकात अडू लागल्या, तेव्हा सरकारने याच कारखान्याला काम दिले. त्यांनी आपल्या अवजड ट्रॅक्टरचे १०५ अश्वशक्तीचे इंजिन घेतले आणि शिकागोच्या एका ट्रॅक्टर कंपनीचे साखळीपट्टे मागवले. त्या कंपनीचे नाव बुलक, म्हणजे बैलच! पट्ट्याची कल्पनाही मुळात शेतकऱ्याचीच गरज. कॅलिफोर्नियाच्या मऊ जमिनीत वाफेची जड इंजिने रुतत, म्हणून बेंजामिन होल्टने १९०४ साली चाके काढून पट्टे लावून बघितले होते. काम गुप्त राहावे म्हणून लिंकनच्या यंत्राला ‘पाण्याची टाकी’ म्हणत. म्हणून तर त्याचे नाव टँक. १५ सप्टेंबर १९१६ ला ते पहिल्यांदा लढाईत उतरले.

मी हे वाचवून घेत होतो तेव्हा नातू म्हणाला, ‘‘आबा, म्हणजे त्यांनीपण ट्रॅक्टरच बदलला.’’

आणखी एक त्याने सांगितले. एच. जी. वेल्स म्हणून लेखक होता. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा घराघरांत नेली, तसा तिकडे तो. मंगळावरची स्वारी त्याने १८९८ साली लिहिली. १९०३ साली त्याने जमिनीवर चालणाऱ्या लोखंडी युद्धनौकांची कथा लिहिली, म्हणजे रणगाड्याच्या तेरा वर्षे आधी. आणि याच माणसाने १९१३ साली घरातल्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई आणि तोफा मांडून लढाई कशी खेळावी याचे पुस्तकही लिहिले. मोठा माणूस जमिनीवर लोळून खेळत होता, हे ऐकून आमच्या मंडळी म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्हीच काय ते शिल्लक होता.’’

घरी आल्यावर त्या लाल ट्रॅक्टरचे कापणी-मळणी यंत्र करायचे ठरले. त्या ग्रहावरच्या वस्तीला धान्य नको का? नातवाने पुढे कंगव्याचे दात लावले, मागे डबी लावली आणि मला दाखवले. मी म्हटले, ‘‘छान आहे. पण दाणा पडणार कुठून?’’ तो गप्प. मग कागद घेऊन मी त्याला सगळे काढून दाखवले. इथे कापायचे, इथून वर ओढायचे, इथे मळायचे, भुसा मागून टाकायचा, दाणा वर टाकीत आणि टाकीतून बाजूच्या नळीने गाडीत. त्याने मुकाट्याने डबी उपटली आणि पुन्हा बसवली. मी धुराची नळीही सुचवली होती. ती त्याने ठेवली नाही. म्हणाला, ‘‘आबा, तिथे हवाच नाही. डिझेल पेटणार कसं?’’ मी हरलो.

आता ते पोटात धस्स झाल्याचे.

१९८४ साल. एप्रिलात राकेश शर्मा अवकाशात जाऊन आला होता, सगळ्या शाळेत तेच. आमचा थोरला तेव्हा दहा वर्षांचा. बेंदराचे मातीचे बैल, चिपाडांची बाभळीच्या काट्याने टाचलेली गाडी हे तर सगळीच पोरे करत. याने तेलाच्या डब्याची चंद्रावर चालायची गाडी केली. आठ चाकांची. चाके तेवढी रबराची, फार सुबक. मीही कौतुक केले. मे महिन्यात उसाला पाणी चालू असताना इंजिनाचा पट्टा तुटला. पडवीत खुंटीला नवा पट्टा होता, उधारीवर आणलेला. तो काढला, तर त्याला ओळीने आठ गोल भोके.

पोराला मी मारले. तेवढ्यावर थांबायला हवे होते. थांबलो नाही. ती गाडी पाणी तापवायच्या चुलीत घातली, त्याच्यासमोर. रबराचा वास दोन दिवस परसात होता. त्यानंतर त्याने हाताने काही केल्याचे मला आठवत नाही. अभ्यास केला, नोकरी मिळवली, परदेशी गेला. लोक म्हणतात, बापाने वळण लावले.

जुलैत नातवाच्या शाळेचा निकाल आला. गणितात घसरला होता. त्याच संध्याकाळी थोरला कामावरून दमून आला, तर जेवायच्या नव्या टेबलावर वर्तमानपत्र भिजून काळ्या रंगाचा हा एवढा डाग. तो ओरडला नाही. त्याने कचऱ्याची पिशवी आणली आणि टेबलावरचे सगळे हाताने त्यात ओढायला लागला. शिपाई, चाके, आमचे मळणी यंत्र. नातू भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मी आधी एकदा बघितलेला होता.

मी उठलो. म्हटले, ‘‘पिशवी खाली ठेव. एक गाडी मी चुलीत घातली, तेवढी आपल्या घराला बस्स झाली.’’

चाळीस वर्षांत त्या गोष्टीचा शब्द आमच्यात निघाला नव्हता. थोरला माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘आठ चाकं होती तिला, अण्णा.’’

‘‘माहीत आहे. पट्ट्याला आठ भोकं होती.’’

सूनबाईला काही कळेना, कुणाला चहा द्यावा की काय करावे. आमच्या मंडळींना कळत होते, त्या आत निघून गेल्या. थोरला खुर्चीवर बसला आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवू लागला. गणिताचे बोलणे झालेच, आणि व्हायलाच हवे होते. रोज आधी तासभर गणित असे ठरले. टेबलावरचा डाग मात्र निघाला नाही.

पुढच्या शनिवारी थोरल्याने स्वतःचे ड्रिल काढले. आम्ही आणलेल्या डंपरच्या जोडीचे दोन्ही सांगाडे त्याने कापले, एकाला एक जोडले आणि आठ चाकांची गाडी केली. नातू लांबी मळून देत होता. मी चिखल लावला. थोरल्याचा हात अजून चांगला चालतो.

ऑगस्टात आम्ही परत आलो. नातू आता फोनवर आधी माझ्याशी बोलतो. परवा त्याने कळवले आहे की तिकडे मिळत नाहीत असे आपल्याकडचे प्लास्टिकचे छोटे ट्रॅक्टर पाहिजेत, ट्रॉलीसकट, आणि एकसारखे दोन. येताना त्याने एक शिपाई मला दिला होता, तो मी चुन्याच्या डबीत ठेवतो. जत्रेत खेळण्यांच्या दुकानापुढे डबी उघडून तो ट्रॅक्टरशेजारी उभा केला, तर दुकानदार माझ्याकडे आणि बरोबरचे पाहुणे दुकानदाराकडे बघायला लागले. माप बरोबर जमले. पण त्याच्याकडे एकच होता. दुसरा शुक्रवारच्या बाजारात आणतो म्हणाला आहे.